उभे डावीकडून

कुर्डुवाडीच्या रेल्वे वस्तीतल्या जुन्या घरांत गेलेल्या माणसांचे जे फोटो भिंतीवर लागलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी अंगावरचा तो कोट हयातीत एकदाही घातलेला नव्हता. माझ्या आजोबांनीही नाही. बार्शी लाईट या छोट्या रेल्वेवर ते खलाशी (मदतनीस) म्हणून लागले, पुढं फायरमन झाले आणि शेवटी ड्रायव्हर. त्यांच्याकडं कामाचे निळे कपडे होते आणि लग्नकार्याला धोतर-टोपी. कोट त्यांना आण्णांनी घातला, तोही आजोबा गेल्यावर, बारीक ब्रशानं.

आण्णा आमच्या गावचे फोटोग्राफर. पूर्ण नाव पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी सगळ्यांचे ते आण्णाच. स्टेशनकडून बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ. पुढं काउंटर, मागं रंगवलेला पडदा, त्यावर जिना, कठडा आणि कारण नसताना एक हंस. पडद्याच्या मागं लाल दिव्याची, हायपोच्या वासाची खोली. रेल्वेनं त्यांची कुठं नेमणूक केलेली नव्हती. पण पासाला फोटो लागायचा, बदलीला निरोपाचा फोटो लागायचा, निवृत्तीला इंजिनासमोरचा ग्रुप लागायचा आणि माणूस गेला की भिंतीवरचा. सगळी नोकरी अशी आण्णांच्या कपाटात जमा व्हायची.

भिंतीवरच्या फोटोची गंमत वेगळी होती. माणूस गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घरचं कुणीतरी स्टुडिओत यायचं. गेलेल्याचा एकट्याचा फोटो बहुतेक नसायचाच. आण्णा विचारायचे, “कुठल्या साहेबाच्या सेंडऑफला होता?” मग कपाटातून त्या ग्रुपची काचेची निगेटिव्ह निघायची आणि तीस-चाळीस माणसांतलं नखाएवढं एक डोकं एन्लार्जरखाली मोठं केलं जायचं. इतकं मोठं केल्यावर चेहऱ्याची कड सुटायची. मग टोकदार पेन्सिलीनं डोळे, भुवया, मिशा सारख्या करायच्या, शेजारच्यांचे कान-खांदे घालवून मागं पांढुरका ढग आणायचा, आणि गळ्याखाली कोट. काहींना टायसुद्धा. मेलेल्या माणसाला आण्णा टायचे जास्तीचे पैसे लावत नसत.

आजोबांच्या फोटोत डाव्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत. मूळ ग्रुपमध्ये शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या फायरमनची. दोघांनी एका इंजिनावर वर्षानुवर्षं काढली होती, एका डब्यातली भाकरी खाल्ली होती. आण्णा ती बोटं कोटाच्या रंगात बुडवणारच होते, पण आजी कच्चा फोटो बघायला गेली आणि म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. त्यो बी हाय तितं.” पाहुणे अजून विचारतात, खांद्यावर काय पडलंय म्हणून.

बार्शी लाईट ही दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली गाडी. तिचा इतिहास आमच्याकडं जेवणानंतर अंगणात सांगितला जायचा आणि दर वेळी थोडा वेगळा असायचा. खात्रीचा भाग एवढा, की जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मोठी लाइन १८६०च्या सुमाराला सोलापूरकडं गेली ती बार्शीला बाजूला टाकून. कापसाची आणि धान्याची एवढी मोठी पेठ, पण माल बैलगाड्यांतून स्टेशनापर्यंत आणायचा. त्या स्टेशनाचं नावच तेव्हा बार्शी रोड; आजची कुर्डुवाडी ती. जीआयपीत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडचण हेरली, १८९५ मध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केली. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं, की गाडी अरुंद असली म्हणून ती खेळण्यातली असायला नको. इंजिन असो की वॅगन, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही. वजन नीट वाटलं की हलक्या रुळांवरूनही भरगच्च माल जातो. त्याचं हे गणित बरोबर निघालं. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. लातूर ते मिरज मिळून सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे खेळण्यातली नव्हतीच. याच कॅलथ्रॉपनं पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं. आमच्या गाडीचा वेग ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं नवल वाटणार नाही. सावकाश आणि धड खाली पोचवणं हाच त्या गृहस्थाचा ध्यास असावा.

वेगावरून आठवलं. गाडीतून उतरायचं, रानातला हुरडा घ्यायचा आणि पळत येऊन पुन्हा त्याच डब्यात चढायचं, ही गोष्ट बार्शी लाईटबद्दल सगळे सांगतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल ती सांगितली जाते, त्यामुळं माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. आजोबा तर चिडायचे. म्हणायचे, येडशीच्या बाजूला चढावर पावसाळ्यात चाकं फिरायची पण गाडी हलायची नाही. तेव्हा खाली उतरून रुळावर वाळू आम्ही टाकायचो, आणि हुरडा खाणारे आतून ओरडायचे, का थांबली म्हणून.

आण्णांचं खरं काम ग्रुप फोटोत दिसायचं. अशा फोटोची बैठक ठरलेली असते. मध्ये खुर्चीवर जाणारा साहेब, गळ्यात हार. दोन्ही बाजूंना बाकीचे साहेब आणि हेडक्लार्क. मागं बाकावर दोन रांगा. पुढं सतरंजीवर शिपाई आणि पोरं. ऑफिसातून नावांची यादी यायची ती खुर्च्यांवरच्या माणसांची. उरलेल्यांसाठी शेवटी एक ओळ: ‘व इतर कर्मचारी’. ही ओळ आण्णांनी कधीही छापली नाही असं जुने लोक शपथेवर सांगतात. बटण दाबून झालं, साहेब हार काढायला लागले, की आण्णा काळ्या कापडाखालून बाहेर येऊन ओरडायचे, “फोटो झाला, पण हलू नका!” मग लाल कापडी पाठीची वही घेऊन ते डावीकडून सुरू करायचे. नाव? बापाचं नाव? काम काय? गाव? खलाशी, सांधेवाला, फिटर, गँगमन, कोळसेवाला, पाणीवाला. उन्हात ताटकळलेले साहेब घड्याळाकडं बघायचे. एकदा एका साहेबानं म्हणे म्हटलं, एवढी नावं कोण वाचणार? आण्णा म्हणाले, “ज्याचं हाय त्यो वाचंल की.”

वर्षाची आणि प्रसंगाची ओळ ते निगेटिव्हवरच काळ्या शाईनं उलट्या अक्षरांत लिहायचे, म्हणजे कागदावर ती सुलटी, पांढरी उमटायची. नावं मात्र तिथं मावत नसत. ती खालच्या पुठ्ठ्यावर, मोत्यासारख्या अक्षरात: उभे डावीकडून, बसलेले डावीकडून, जमिनीवर डावीकडून. गार्डकाका (आमच्या शेजारचे, आता नव्वदीला टेकलेत) एक किस्सा सांगतात. एक गँगमन असा पुठ्ठा घरी घेऊन गेला. त्याला वाचता येत नव्हतं. काही वर्षांनी पोरगा शाळेत जाऊन अक्षरं जुळवायला लागला, तेव्हा कळलं की बापाच्या नावात एक काना जास्त पडलाय. तो पुठ्ठा बगलेत मारून थेट स्टुडिओत भांडायला आला. आण्णांनी वही काढली, बघितलं, चूक कबूल केली आणि सगळाच्या सगळा पुठ्ठा पुन्हा लिहून दिला. गार्डकाकांच्या मते त्या दिवशी आण्णा फार खूश होते.

१ जानेवारी १९५४ ला कंपनी गेली आणि बार्शी लाईट सरकारची झाली. त्या सुमाराचा एक मोठा ग्रुप आहे, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपसमोरचा. आण्णा तेव्हा तरुण होते आणि कॅमेरा त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांचा होता. आजोबा दुसऱ्या रांगेत आहेत, हसू दाबल्यासारखे. कंपनी गेल्यावर पगार वाढणार की नाही याची पैज लागली होती, असं ते सांगायचे. पैज कोण जिंकलं हे मात्र दर वेळी बदलायचं.

त्याच्या आधीची एक गोष्ट आण्णा स्वतः सांगत, क्वचित. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. बार्शीहून निघालेली गाडी हद्द ओलांडून जायची, तिथं करोडगिरीवाले, म्हणजे जकातवाले, सामान उघडून बघायचे. बायका तर नवं लुगडं दोनदा धुऊन, जुनं करून नेसून जायच्या. १९४८ साली रझाकारांच्या धास्तीनं पलीकडच्या गावांतून माणसं बार्शीकडं येत होती. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं. उस्तादांचा कॅमेरा आण्णांच्या हातात होता. त्यांनी एकही फोटो काढला नाही. आम्ही मोठी झाल्यावर याचं वाईट वाटून विचारलं, आण्णा, केवढा इतिहास होता तो! ते म्हणाले, घाबरलेल्या माणसाला नाव इचारता येत न्हाई, त्याला वाटतं आपण पोलीस.

मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं. आजही पुरतं पटत नाही. ते फोटो असते तर बरं झालं असतं. पण आण्णांच्या कामाचा सगळा नियम त्यात होता हे खरं.

आषाढीला ते पंढरपूरला जायचे. वारीच्या दिवसांत ही छोटी गाडी पार मोडेल की काय असं वाटावं इतकी भरायची. मालाच्या वॅगनीत माणसं, दोन डब्यांमधल्या जोडावर माणसं, टपावर माणसं. टपावरच्या त्या गर्दीचे फोटो पुढं खूप जणांनी काढले. आण्णांच्या कपाटातले आषाढीचे फोटो वेगळेच. मोडनिंबला क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये हिरव्या झेंडीवर डोकं ठेवून झोपलेला गार्ड. तीन दिवस अंगावरचे कपडे न बदललेला सांधेवाला, दाढी वाढलेली, हातात कंदील. पाणी पाजणाऱ्या बाईच्या पाठीमागं लागलेली रांग, आणि मागं पुसट इंजिन. पावसाळी उजेड, आडवा पाऊस, कॅमेऱ्यावर छत्री धरायला आमच्यातलंच कुणीतरी पोरगं. मीही धरली आहे. छत्री डगमगली की आण्णा वर न बघता गुडघ्यानं ढोसायचे.

आता थोडं कायद्याबद्दल. स्टेशनात आणि पुलांवर फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या आमच्या लहानपणी जागोजागी होत्या. भीमेवरच्या पुलाचा फोटो तर विचारूच नका. १९७१ च्या युद्धाच्या दिवसांत, दिव्यांना काळे कागद लागलेले असताना, एका नव्यानंच आलेल्या शिपायानं आण्णांना कॅमेऱ्यासकट धरलं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शेवटी शेडमधून सुटलेले ड्रायव्हर-फायरमन तसेच काळ्या हातांनी तिथं गेले आणि प्रत्येकानं खिशातून आपापला पास काढून टेबलावर ठेवला. सगळ्या पासांवरचे फोटो आण्णांचे. सोडलं. आजोबांच्या तोंडून ऐकताना यात पंचवीस ड्रायव्हर असायचे. गार्डकाका म्हणतात पाच-सहा असतील, आणि मला तेच जास्त खरं वाटतं, कारण तेवढ्या वेळात गाड्या चालवायला कुणीतरी उरायला हवं होतं.

पुढं गोरे लोक यायला लागले. त्यांच्या देशात वाफेची इंजिनं बंद झालेली होती, म्हणून ते हिंदुस्थानभर फिरत होते आणि कुर्डुवाडी त्यांच्या नकाशावर ठळक होती. स्वभावानं गोड माणसं. उन्हात तासन्‌तास उभी राहायची, शेडमध्ये चहा प्यायची, इंजिनाचा नंबर, बनावटीचं साल, कारखाना सगळं टिपून घ्यायची. खाणाखुणांनी ड्रायव्हरला सांगायची, जरा काळा धूर काढ. आजोबांना त्यांचं कौतुक होतं, पण एक गोष्ट लागली होती. बफरपाशी ते सवयीनं उभे राहिले तेव्हा एकानं हातानंच खूण केली, बाजूला. इंजिन एकटं हवं होतं त्याला.

त्यांच्यामुळंच बार्शी लाईटचा शोध आज कुणालाही घेता येतो, हे मान्य करायला हवं. कुठलं इंजिन कधी आलं, कुठल्या साली भंगारात गेलं, सगळं नोंदलेलं आहे. आण्णांना विचारलं असतं तर कदाचित इंजिनाचा नंबर सांगता आला नसता. पण काम टिपायचं आणि माणसं सोडायची, ही खोड काही त्या गोऱ्यांपासून सुरू झालेली नाही. बोरघाटातल्या रेल्वेचं बांधकाम चालू असताना ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आल्या आल्या वारला. त्याची बायको ॲलिस हिनं तो ठेका पुढं चालवला आणि घाटातल्या कामाचे फोटोही काढले. त्या काळात एका बाईनं जड कॅमेरा आणि काचा घेऊन त्या कड्यांवर जावं, ही केवढी हिंमत! तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण १८६१ च्या जानेवारीत त्या घाटात ४२,००० मजूर होते. कमानी, बोगदे, पूल यांची नावं आपल्याला माहीत आहेत. ‘उभे डावीकडून’ कुणी लिहिलं नाही.

बार्शी लाईटचं रुंदीकरण तुकड्यातुकड्यांनी झालं. लातूरच्या बाजूचं २००८ पर्यंत, पंढरपूर-मिरजेचं २०१० मध्ये. जुनी लाइन धाराशिवला टाळून जायची, नवी गावाला धरून गेली, ही त्यातली चांगली गोष्ट. आण्णा त्याआधीच गेले होते. त्यांचा भिंतीवरचा फोटो करायची वेळ आली तेव्हा कुठल्याच ग्रुपमध्ये ते सापडेनात, साहजिकच. अखेर रेशन कार्डाच्या कामी काढलेला एक फोटो मिळाला. त्यात त्यांच्या अंगावर खराखुरा कोट होता.

स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. काचेच्या निगेटिव्हचं काय झालं याचं उत्तर अगदी साधं आहे. कोमट सोड्याच्या पाण्यात धुतली की ती स्वच्छ काच होते, आणि फोटोच्या फ्रेमला काच लागतेच. हे काम आण्णांच्या हयातीतच सुरू झालं होतं, त्यांनी स्वतःच केलं होतं. काच महाग होती आणि जुन्या साहेबांच्या सेंडऑफचा फोटो पुन्हा मागायला कोण येणार? गावातल्या कितीतरी देवांच्या तसबिरींवरची काच एके काळी खलाशी-फिटरांची निगेटिव्ह होती. मला हे कळलं तेव्हा संताप आला. गार्डकाकांना मात्र यात काही वावगं वाटलं नाही.

लाल वहीला वाळवी लागली. मधली पानं तेवढी वाचली आहेत.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. मार्ग हाच, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, रूळ तेवढे रुंद. आमच्या स्टेशनावर माणसं बघायला गेली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. मी गार्डकाकांना ते फोटो दाखवले. वाघिणी, हार, झेंडे, पाइप, पुढारी. काकांनी एकेक फोटो बोटानं सरकवून बघितला आणि विचारलं, “ड्रायव्हर कोण होता?” मला माहीत नव्हतं. एकाही फोटोत तो नव्हता.

तेव्हापासून आम्ही काहीजण जमेल तसे जुने पुठ्ठे गोळा करतो. लोक देतात, बहुतेक वेळा फ्रेमसकट, कोळिष्टकांसकट. ज्यांच्यावरची शाई उडालीय किंवा खालचा भाग पावसानं खाल्लाय, त्यांची नावं वहीतल्या उरलेल्या पानांवरून आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवरून लावायची. काका माणूस ओळखतात तो उभं राहण्याच्या ढंगावरून. फायरमन एका बाजूला कलून उभा राहतो म्हणे, फावडं मारून मारून. आमच्या वस्तीतल्या फोरमनकाकू ओळखतात त्या कानांवरून, आणि त्यांचा अंदाज जास्त वेळा खरा निघतो.

१९५४ चा तो मोठा ग्रुप जवळजवळ पुरा झालाय. अडलंय ते शेवटच्या रांगेत, उजवीकडून तिसऱ्या माणसापाशी. काका म्हणतात, हा दोघा भावांतला थोरला, सांधेवाला. काकू म्हणतात, थोरल्याचे कान असे नव्हते, हा धाकटा, वर्कशॉपातला. भावांच्या घरी विचारलं, तर नातवंडांनी दोघांनाही पाहिलेलं नाही. भिंतीवर दोघांचे फोटो आहेत, पण दोघांना एकसारखा कोट, त्यावरून काही ठरेना. बरीच वादावादी झाल्यावर मी दोन्ही नावं लिहिली आणि मध्ये ‘किंवा’ घातलं. काकू म्हणाल्या, आण्णांनी असलं कधी लिहिलं नसतं, आणि चहा तसाच ठेवून उठल्या. पुढच्या रविवारी त्या धाकट्याच्या लग्नातला फोटो शोधून आणणार आहेत.